आचंद्रार्काच्या खालच्या ओळी

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. शाळेतही तुम्हाला मागचाच बाक हवा असायचा, शोकसभेतही तोच हवा. या, या पुढे.

हिराजीभाऊंचं तेरावं होऊन तीन दिवस झाले. आज आपण सगळे त्यांच्यासाठी जमलो आहोत. पारूवहिनी, त्यांच्या पत्नी, समोर बसल्या आहेत. गाव बसलं आहे, आजूबाजूच्या खाडीकाठच्या खारातली माणसं आली आहेत. अशा वेळी बोलणं कठीण असतं. शब्द सापडत नाहीत, असं म्हणायची पद्धत आहे. पण मला शब्द भरपूर सापडलेत, आणि तीच अडचण आहे. कारण मला राग आलाय. सकाळीच मी सरपंचांना, म्हणजे आपल्या सुधीरला, सांगितलं होतं की बाबा, रागावलेल्या बाईच्या हातात माईक देऊ नकोस. तो म्हणाला, "बाई, दोन शब्द तरी बोला. तुमचं नि हिराजीदादांचं एवढं जमायचं."

जमायचं? अरे, त्या माणसाने माझं डोकं उठवलं होतं! महिन्यातून एकदा तरी माझ्या दारात हजर. बेल वाजवायची नाही. अंगणात उभं राहून हाक, "बाई, हायत का घरात?" मी घरात नसते तर कुठे असणार होते?

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी रोह्याची. पेणच्या शाळेत उभी नोकरी केली, मराठी शिकवलं, आता निवृत्त होऊन रोह्याजवळच वरसेला राहते. या मांडवातल्या निम्म्या लोकांचे कान मी पिळलेले आहेत. हिराजीभाऊ माझे विद्यार्थी नव्हेत. ते चौथीनंतर शाळेत गेलेच नाहीत. वडिलांबरोबर मिठागरात गेले, मग शेतीवर, आणि शेतीपेक्षा जास्त बांधावर. खाडी आणि आपली भाताची शेतं यांच्यामध्ये जो मातीचा बांध आहे, तो बांध. तो फुटला की खारं पाणी शेतात. आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की दोन-दोन, तीन-तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. हे मी तुम्हाला सांगायला हवं का? बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तुम्हाला सगळं ठाऊक असतं, हाच तर माझ्या डोक्याला ताप आहे.

आता हा माझ्या मागचा फ्लेक्स बघा. छान आहे. हिराजीभाऊंनी जन्मात कधी कोट घातला नाही, तो तुम्ही त्यांना घालून दिलाय. बरं दिसतं. खाली काय लिहिलंय? "आपली स्मृती आचंद्रार्क राहील." कोणी लिहिलं हे? नको, हात वर करू नका, मला नाव नकोय. मला फक्त सांगा, आचंद्रार्क म्हणजे काय? सुधीर, तू सांग. कायमची? बरं. अजून कोणी? अमर? बरं, बसा.

हाच शब्द बारा-तेरा वर्षांपूर्वी हिराजीभाऊंनी मला विचारला होता. तेव्हा मी नोकरीत होते. शाळा सुटायच्या वेळी एक माणूस फाटकाशी उभा. धोतर गुडघ्याच्या वर, पायाला सुकलेला चिखल. मला म्हणाले, "बाई, आमच्या बांधावर येक दगड हाय. त्याच्यावर लिवलेलं हाय. तुमी वाचून द्याल काय?" मी म्हटलं, बघू. हे 'बघू' आम्हा मास्तर लोकांना फार सवयीचं. त्यांनी तिसऱ्या वेळेला मला हाताला धरून नेलं म्हणा ना.

दगड तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. उघाडीच्या शेजारी, जिथून भरती-ओहोटीला पाणी आत-बाहेर सोडायची झडप आहे, तिथे तो उभा आहे. किती जुना, ते मला ठाऊक नाही, आणि जे छातीठोक सांगतात त्यांनाही ठाऊक नाही. वर चंद्राची कोर आणि सूर्य कोरलेला. त्याखाली एक ओळ. अक्षरं झिजलेली. हिराजीभाऊंनी खिशातून रांगोळीची पुडी काढली आणि अक्षरांवर चोळली. मग दिसलं. आचंद्रार्क. आणि पुढे, हा बांध. त्याच्या खाली माती होती.

मी खूश झाले. मला कोणी शब्द विचारला की मी खूश होते, ती माझी खोड आहे. तिथेच बांधावर उभं राहून मी त्यांना शिकवलं. म्हटलं, हिराजीभाऊ, 'आ' म्हणजे पर्यंत. आमरण म्हणजे मरेपर्यंत, आजन्म म्हणजे जन्मभर, तसं आचंद्रार्क. अर्क म्हणजे सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोपर्यंत. हा शब्द आला कुठून? दानपत्रांतून. राजा कोणाला जमीन द्यायचा, गाव द्यायचा. घेणाऱ्याच्या पोटात भीती. आज हा राजा देतोय, उद्या याचा पोरगा काढून घेईल. मग ताम्रपटावर, दगडावर लिहायचे, चंद्र-सूर्य असेपर्यंत हे तुझं. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वर चंद्र-सूर्य कोरायचे. साक्षीदार म्हणून. बाकीचे साक्षीदार मरतात, हे दोघं मरत नाहीत. आपल्या कोकणात असे दगड शेताशेतांत उभे आहेत, आणि लोक त्यांना देव समजून शेंदूर फासतात.

एवढं सगळं ऐकून हिराजीभाऊ काय म्हणाले असतील? "साक्षीदार नाय बाई. ह्ये दोघं तर पानी वढतात."

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाले, "अवशेला नि पुनवेला चंद्र नि सूर्य दोघं मिळून पानी वढतात. म्हनून उधान येतं. आठमीला त्यांचं जमत नाय, तवा भांगाचं पानी, कमी. मंजे चंद्र-सूर्य हायत तवर उधान येनार. उधान येनार तवर बांध बगायला लागनार. म्हनून लिवलंय त्ये."

मी हसले. खरं सांगते, मी हसले. म्हटलं, हिराजीभाऊ, शब्दाचं मूळ असं घरी बसून काढत नाहीत. ते म्हणाले, "घरी बसून नाय काढलं. बांधावर बसून काढलं."

मी विषय बदलला.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. तेव्हाच्या सरपंचांना हे कळलं. आपल्या बांधावर ऐतिहासिक दगड! झालं. दगडाभोवती चौथरा बांधला, फरशी बसवली, वर पत्रा टाकला, स्टीलचं रेलिंग केलं. फरशी बसवताना दगडाचा खालचा भाग आणखी एक हात गाडला गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी त्या दिवशी प्रमुख पाहुणी होते. शाल दिलीत, नारळ दिलात, तयार गुलाबी फेटा घातलात, तो मला दोन बोटं मोठा होत होता. आणि मी भाषण केलं. त्या भाषणात मी काय म्हणाले, आठवतंय कोणाला? तुम्हाला नसेल आठवत, मला आठवतं. मी म्हणाले, "चंद्र-सूर्य आहेत तोवर हा बांध उभा राहील, असं आपल्या पूर्वजांनी इथे लिहून ठेवलं आहे."

टाळ्या. काय टाळ्या पडल्या! पुढच्या रांगेत हिराजीभाऊ बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, चौथऱ्यावर पाटी लावली, त्यात यांचं नाव घातलं नाही, म्हणून नाराज असतील. बघा, माणसाची अक्कल कुठे चालते.

त्यानंतर तुमच्या गावात काय झालं, ते तुम्हीच आठवा. त्याआधी अवस-पुनव जवळ आली की हिराजीभाऊंबरोबर दहा-पंधरा माणसं बांधावर जायची. खेकड्यांची बिळं बघायची, चिकण माती आणि पेंढा कोंबायचा, झडप साफ करायची. दोन तासांचं काम. मग गप्पा, मग चहा. त्या कार्यक्रमानंतर काय झालं? माणसं दगडापर्यंत जायला लागली. नारळ फोडायला लागली. दगडाला शेंदूर लागला. नवीन लग्न झालेली जोडपी पाया पडायला यायला लागली. आणि बांधाकडे कोण बघणार? बांध तर चंद्र-सूर्य असेपर्यंत राहणारच आहे! लिहून ठेवलंय! बाईंनी माईकवर सांगितलंय!

दहाची पाच झाली, पाचाची दोन झाली. मग एकटे हिराजीभाऊ. त्यांना दारात बघितलं की तुम्ही म्हणायचात, "आली बघ अवसपुनव." हेच नाव पाडलं होतं ना तुम्ही त्यांना? मला सांगितलं त्यांनी. हसत सांगितलं, पण सांगितलं. हे घर म्हणायचं, पोरगा कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्ट. ते घर म्हणायचं, सेकंड शिफ्ट. एका घरात तर, हिराजीभाऊ म्हणायचे, "बाई, त्याची तिन्ही शिफ्ट असतात. झोपतो कवा कोन जानं." आणि कोणी म्हणायचं, बांध सरकारचा आहे, सरकार बघेल, आपण अर्ज केलाय. अरे, अर्ज खेकड्याला वाचता येतो का?

मंडळी, मी तुमच्यावर ओरडतेय असं तुम्हाला वाटत असेल. ओरडतेच आहे. पण थांबा, माझी पाळी यायची आहे.

हिराजीभाऊ रोह्याला येतच होते. पेणहून गाडीत बसायचं, नागोठणं, निडी करत रोहा, आणि तिथून वरसेपर्यंत चालत. मी म्हणायचे, अहो, रिक्षा करा. म्हणायचे, "बांधावर रिक्षा हाय काय?" येताना कधी सुका जवळा, कधी जाड्या मिठाची पिशवी. मला रक्तदाबाचा त्रास, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलेलं, आणि हा माणूस मला मीठ आणून देतोय! शेजारणी मजेत आहेत, वर्षभराचं मीठ त्यांना फुकट मिळालं.

आणि प्रत्येक वेळी तोच विषय. "बाई, दगड खाली अजून हाय. माझा बा सांगायचा, खाली लय लिवलेलं हाय." मी म्हणायचे, मग काढा ना फरशी, वाचू. म्हणायचे, "गाव काढू देत नाय. देव झाला ना त्यो आता." मी म्हणायचे, मग मी काय करू? आणि मनातून मला बरं वाटायचं की विषय तिथेच थांबतोय.

पण थांबेल तो हिराजी कसला? दोन वर्षांपूर्वी त्यांनी काय केलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पहार घेऊन गेले, चौथऱ्याची पुढची फरशी उचकटली आणि खालची माती उकरली. केवढा गहजब केलात तुम्ही! देवाची फरशी फोडली, म्हातारा फिरलाय, याला गावाबाहेर काढा. मीटिंग घेतलीत. वयाने तुमच्या बापासारख्या माणसाला उभं करून विचारलंत. एकानेही विचारलं का, की हिराजी, तुला खाली काय दिसलं? एकानेही? त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणालात, तुला वाचता येतं का? आणि त्यांच्याच हातांनी फरशी पुन्हा बसवून घेतलीत. पारूवहिनींनी सिमेंट कालवून दिलं. खरं ना, वहिनी?

पण फरशी बसवायच्या आधी या माणसाने एक काम केलं होतं. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून दगडावर धरलं आणि वरून कोळसा घासला. सगळी अक्षरं कागदावर उतरली. तो कागद गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हिराजीभाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, "आता वाचा."

मी चष्मा लावला. वाचायला मला अर्धा तास लागला. कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

तो कागद आज मी आणलाय. हा बघा. यात काय लिहिलंय ते साध्या मराठीत सांगते. हा बांध सगळ्या गावाने मिळून घातला आहे. दर अवसेच्या आणि दर पुनवेच्या आधी घरटी एक माणूस कुदळ-फावडं घेऊन बांधावर येईल. ज्या घरात कर्ता पुरुष नसेल तिथून बाईमाणूस येईल. कोणी कोणाला बोलवायला जाणार नाही, आपणहून यायचं. जो येणार नाही त्याने शेतातलं भात खाताना आपलं आपण बघावं. आणि हे किती दिवस करायचं? तर, वरची ओळ. आचंद्रार्क.

म्हणजे बांध चंद्र-सूर्य असेपर्यंत राहील, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. बांध राहील, अशी खात्री आपल्या पूर्वजांनी कोणालाही दिलेली नाही. चंद्र-सूर्य असेपर्यंत तुम्ही बांधाची राखण करायची आहे, असं त्यांनी लिहिलंय. ते वरदान नाही, ते काम आहे. आणि हिराजीभाऊ पहिल्याच दिवशी जे म्हणाले होते, चंद्र-सूर्य पाणी ओढतात म्हणून, ते माझ्या पुस्तकांत नाही. शब्दाचं मूळ दानपत्रांतलंच, ते मी आजही सांगेन. पण ज्याने या बांधावर हा शब्द कोरून घेतला, त्याच्या मनात हिराजीभाऊंचाच अर्थ होता. चौथी शिकलेल्या माणसाला तो कळला, आणि मराठीच्या बाईंना कळला नाही.

तर मंडळी, मी चुकले होते. अर्धा दगड वाचून मी पूर्ण भाषण ठोकलं होतं. शाल पांघरून.

त्या दिवशी हिराजीभाऊंनी मला एकच गोष्ट मागितली. म्हणाले, "बाई, तुमी गावात या नि ह्ये माईकवर सांगा. माझं कोन आयकनार? तुमचं आयकतील. तुमी पयलं सांगितलं त्ये आयकलं ना?" बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, येते. नक्की येते.

आणि मी आले नाही.

दोन वर्षं. उन्हाळ्यात मी म्हणाले, ऊन उतरू दे. पावसाळ्यात म्हणाले, पाऊस ओसरू दे. मग गुडघा. गुडघा दुखतो, खोटं नाही, पण एवढाही दुखत नाही. रोह्याहून पेण म्हणजे काय काशी आहे का? मला यायचं नव्हतं. उभ्या नोकरीत दुसऱ्यांच्या वहीत लाल शाई ओतली, आणि स्वतःच्या वाक्यावर एक काट मारायला माझा हात उठत नव्हता. तुम्ही हसाल, याची लाज वाटत होती. माझेच विद्यार्थी मला हसतील! आणि हिराजीभाऊ मात्र येतच होते. एकदा मी चिडून म्हटलं, "किती मागे लागता हो! एक वाक्य तर चुकलं माझं." ते शांतपणे म्हणाले, "वाक्य चुकलं तर चुकलं बाई. बांध चुकला तर खायाचं काय?" आणि चहा संपवून उठले. बशी धुऊन ठेवली. पाहुणा माणूस, स्वतःची बशी धुऊन ठेवायचा.

यंदा गणपतीच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला. फोनवर ते ओरडून बोलायचे. म्हणाले, "बाई, गनपतीत या. समदी पोरं सुटीवर गावात असतात. आरती झाली की माईक असतोच. पाच मिंटं बोला. पुनवेच्या आधी बोला, ह्या पुनवेला लय मोठं उधान हाय." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हिराजीभाऊ, माझ्याही घरी गणपती असतो, गौरी असतात, पाहुणे असतात. दिवाळीनंतर बघू."

बघू.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, तुम्ही सगळे याच मांडवात मिरवणुकीची तयारी करत होता, मी माझ्या घरी पाहुण्यांना डबे भरून देत होते, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एकटा बांधावर गेला. पाण्याच्या बाजूला पन्नासेक घमेली माती टाकली त्याने. दुपारी घरी आला, पारूवहिनींकडे पाणी मागितलं, भिंतीला टेकला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. वय झालं होतं. बांधाने मारलं असं मी म्हणणार नाही, ते त्यांना आवडलं नसतं. पण त्याच्याबरोबर त्या दिवशी एक माणूस नव्हता. एकही नव्हता. घमेलं उचलून द्यायलासुद्धा नाही. हे मी विसरू शकत नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.

पुनवेचं उधाण आलं. उघाडीच्या डाव्या अंगाने पाणी पाझरून आत आलं, ते तुम्ही पाहिलंत. जिथे त्यांची माती पडली होती तिथे टिकलं, पुढे जिथे त्यांचे हात पोचले नाहीत तिथे पाझरलं. आज येताना मी जाऊन आले. मनगट जाईल एवढं भोक आहे. परवा अवस आहे. सर्वपित्री. त्या दिवशी तुम्ही काय करणार? पितरांना वाडी वाढणार, पत्र्यावर पान ठेवून कावळ्याला हाका मारणार. कावळा शिवला नाही तर म्हणणार, पितरांची काय इच्छा राहिली असेल बरं? अरे, त्यांनी दगडावर कोरून ठेवलीय इच्छा! आणखी कशी सांगायची? शेतात भात फुलोऱ्यावर आहे. अवसेचं पाणी त्या भोकातून शिरलं तर खांड पडून बांध फुटायला किती वेळ लागतो, ते मी रोह्याच्या बाईने तुम्हाला सांगायचं का?

सुधीर, माझ्याकडे घड्याळ दाखवू नकोस. मला कळतंय, बाकीचे बोलायचे आहेत. मी संपवतेच आहे.

उद्या सकाळी सात वाजता मी बांधावर असेन. आजची रात्र इथेच राहते आहे, पारूवहिनींकडे. मला घमेलं उचलता येणार नाही, पण पेंढ्याच्या पेंड्या करून देता येतील. बोलवायला मी कोणाच्या दारात येणार नाही, कारण दगडावर तसंच लिहिलंय. पण आज इथे विचारणार आहे. घरटी एक माणूस. उद्या सकाळी कोणाच्या घरातून कोण येणार? नावं सांगा. इथेच, सगळ्यांसमोर.

काय म्हणालात, वहिनी? जरा मोठ्याने बोला. उठू नका, बसूनच सांगा. थांबा, हा माईक तिकडे द्या रे. नको? बरं, मी सांगते. ऐकलंत का सगळ्यांनी? पारूवहिनी म्हणतायत, "लिव गो बाय, हिराजीच्या घरातून मी."

एक घर झालं. सत्तरी ओलांडलेली बाई. तेराव्याला तीन दिवस झालेत.

दुसरं घर कुठलं?

दुसरं?

मी वाट बघतेय.

बरं. कोणी बोलत नाही. मग ही जी शांतता पडलीय ना आत्ता, ती मोडू नका. वेगळी दोन मिनिटं मी मागत नाही, हीच हिराजीभाऊंना द्या. उभे राहा सगळे. माना खाली घालू नका, एकमेकांकडे बघा. दोन मिनिटं झाली की हाच प्रश्न मी पुन्हा विचारणार आहे.